जेवढं बाहेर, तेवढं आत: जलसंजीवनी आणि शिकाऊ डॉक्टरांची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेली 'म्हणजे बघा' कमी केली आहेत, सगळी काढलेली नाहीत.)

आजचा भाग एका बादलीबद्दल आहे.

कॅनव्हासची एक खाट. खाटेला मधोमध एक भोक. भोकाखाली बादली आणि बादलीवर मापाच्या खुणा. पटकीचा, म्हणजे कॉलराचा रुग्ण या खाटेवर झोपवायचा. त्याच्या अंगातून जेवढं पाणी जाईल तेवढं बादलीत जमा होणार, आणि किती गेलं ते नर्सला बघता क्षणी कळणार. दिसायला किळसवाणी वस्तू आहे. पण विसाव्या शतकात औषधशास्त्रानं जे मोठे शोध लावले, त्यातल्या एका शोधाचं हे मुख्य यंत्र होतं.

आपण ज्याला ओआरएस म्हणतो, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ज्याला 'जलसंजीवनी' लिहिलेलं असतं, त्याची ही गोष्ट. ती तशी बऱ्याच जणांनी सांगितली आहे. मला आज ती वेगळ्या बाजूनं बघायची आहे. हा शोध लावणारे लोक कोण होते? त्यातले दोघं २६ वर्षांचे होते. नुकतेच डॉक्टर झालेले, संशोधनाचा अनुभव जवळपास नाही, परक्या देशात, एका वरिष्ठाच्या हाताखाली. आज अशा व्यवस्थेला 'मेंटॉरच्या मार्गदर्शनाखालची ग्लोबल हेल्थ रिसर्च फेलोशिप' असं लांबलचक नाव आहे. हे नाव यायच्या आधी ती गोष्ट कशी चालायची, का चालली, आणि तिच्यात काय खटकतं, हे आज बघू.

आधी रोग समजून घेऊ

आपल्याकडे पटकीची भीती किती खोल होती याचा पुरावा म्हणजे मरीआई. गावाच्या वेशीवर तिचं ठाणं असतं. साथ आली की तिचा गाडा वाजतगाजत गावाबाहेर न्यायचा. यात्रा, वारी, दुष्काळ, जिथे माणसं जास्त आणि पाणी वाईट, तिथे पटकी.

हा रोग मारतो तो पाणी काढून घेऊन. जंतू आतड्यात एक विष सोडतो आणि आतडं नळ उघडा राहिल्यासारखं पाणी सोडत राहतं. वाईट केसमध्ये तासाला एक लिटरपर्यंत. उपचार नाही झाला तर अशा गंभीर रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास दगावतात, आणि तेही काही तासांत. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी नाही.

उपाय माहीत होता: शिरेतून सलाईन. पण त्यासाठी निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शीर शोधणारा हात हवा. एका रुग्णाला कित्येक लिटर लागतात. साथीत हजार रुग्ण आले तर काय करणार?

मग तोंडानं का देत नाहीत? कारण डॉक्टरांची समजूत अशी होती की आतडंच बिघडलंय, वरून ओतलेलं पाणी खालून निघून जाईल. आणि नुसतं मिठाचं पाणी दिलं तर खरंच तसं होतं.

इथे एक अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ येतो, रॉबर्ट क्रेन. १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत त्यानं मांडलं की आतड्याच्या भिंतीत एक असं दार आहे, ज्यातून साखर आणि सोडियम जोडीनं आत जातात. ग्लुकोज सोबत असेल तर सोडियम आत येतं आणि त्याच्या मागोमाग पाणी. पुढे कळलं की कॉलराचं विष नळ उघडतं, पण या दाराला हात लावत नाही. म्हणजे गळती चालू असतानाही दुसऱ्या दारानं पाणी भरता येतं. कागदावर उत्तर तयार होतं. पण कागद आणि खाट यांच्यात आठ वर्षं गेली.

मनिलाचे पाच

ती वर्षं का गेली, याचं एक मोठं कारण मनिला आहे.

रॉबर्ट फिलिप्स हे अमेरिकन नौदलाचे डॉक्टर. कॉलराच्या रुग्णाला किती आणि कुठलं सलाईन द्यायचं, याचं शास्त्र बसवणाऱ्यांपैकी एक. १९६२ मध्ये फिलिपिन्समध्ये त्यांनी ग्लुकोज आणि क्षार घातलेलं पाणी तोंडानं देऊन बघितलं. सुरुवातीला एक-दोन रुग्णांत छान परिणाम दिसला. मग जास्त रुग्णांवर प्रयोग केला आणि त्यात पाच जण दगावले. क्षारांचं प्रमाण चुकलं होतं, आणि किती द्यायचं याचा हिशोब बसला नव्हता.

पुढे हेच फिलिप्स ढाक्याच्या कॉलरा रिसर्च लॅबोरेटरीचे संचालक झाले. ही प्रयोगशाळा १९६० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, सीटो या लष्करी कराराच्या छत्राखाली सुरू झाली होती. शीतयुद्धाचा पैसा होता तो, मंडळी. धर्मादाय वगैरे काही नाही. कॉलरा त्या भागात होता, सैन्य त्या भागात जाणार होतं, म्हणून पैसा आला.

तर आता चित्र असं: उत्तर दाराशी उभं आहे, आणि दार उघडायची परवानगी ज्यांच्या हातात आहे त्यांच्या डोक्यावर पाच मृत्यूंचं ओझं आहे. त्यांना भित्रा म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. ज्यानं एकदा हात पोळून घेतलाय तोच सांगू शकतो की तवा कुठे गरम असतो.

युद्ध टाळायला आलेली पोरं

डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश, दोघांचा जन्म १९४१ चा. १९६७ मध्ये ढाक्याला आले. का आले? व्हिएतनाम युद्ध चालू होतं आणि अमेरिकेत डॉक्टरांनाही सक्तीची भरती होती. त्यातून एक वाट होती: पब्लिक हेल्थ सर्व्हिसमध्ये दोन वर्षं काढली तर ती लष्करी सेवेत धरली जायची. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएचमध्ये अशा वाटेनं आलेल्या तरुण डॉक्टरांना टिंगलीनं 'पिवळ्या टोप्या' म्हणायचे. लढाईला घाबरले, असा त्याचा अर्थ. या पिवळ्या टोप्यांतल्या काहींना पुढे नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या भागात.

या दोघांच्या वाट्याला ढाका आलं.

१९६७ च्या शेवटी त्यांना चितगावकडे एका चालू प्रयोगावर पाठवलं. कल्पना अशी की प्रयोगशाळेत नॉर्बर्ट हर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, ग्लुकोज-क्षारांचं पाणी नळीनं पोटात सोडलं तर रुग्णाचं आतडं ते शोषतं. आता तेच साथीत करून बघायचं. प्रयोग फसला. रुग्णांची स्थिती सुधारेना.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो, कारण पुढची पायरी म्हणजे शुद्ध डीबगिंग आहे. औषध चुकीचं आहे का? नाही. मग काय चुकलं? नॅलिन यांनी नोंदी चाळल्या आणि लक्षात आलं की पाणी ठरलेल्या मापानं दिलं जात होतं, रुग्ण किती गमावतोय ते बघून नाही. एकाच्या बादलीत तासाला दोनशे मिली जमतंय, दुसऱ्याच्या बादलीत आठशे, आणि देणं दोघांना सारखंच. मग दुसरा मागे पडणारच.

म्हणून नियम एकच: जेवढं बाहेर, तेवढं आत. बादली मोजा, तेवढंच पाजा, परत मोजा.

इतकं साधं? हो. पण हे साधं करायला कोणीतरी खाटेशेजारी रात्रंदिवस बसायला लागतं. संशोधनाचा मुख्य माणूस परिषदांना जातो, निबंध लिहितो, अनुदान मागतो. रात्री तीन वाजता बादली मोजायला २६ वर्षांचा, हरायला फार काही नसलेला माणूस लागतो. या दोघांनी ते आळीपाळीनं केलं.

१९६८ च्या उन्हाळ्यापर्यंत ढाक्यात २९ रुग्णांवरचा प्रयोग झाला. आधी सगळ्यांना सलाईननं सावरलं. मग काहींना पाणी प्यायला दिलं, काहींना नळीनं, आणि काहींना तुलनेसाठी सलाईनवरच ठेवलं. तोंडानं पाणी मिळालेल्यांची सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. ऑगस्ट १९६८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निबंध आला. पाच नावं होती: नॅलिन, कॅश, रफीकुल इस्लाम, मजीद मोल्ला आणि शेवटी फिलिप्स.

ही पाच नावं लक्षात ठेवा. आपण परत येणार आहोत.

गवंड्याचं सेंटर

आता एक योगायोग. निबंध ऑगस्ट १९६८ चा. त्याच्या एक महिना आधी, जुलै १९६८ मध्ये, अमेरिकेत एनआयएचच्या आवारात एक केंद्र सुरू झालं: फोगार्टी इंटरनॅशनल सेंटर.

जॉन फोगार्टी हा ऱ्होड आयलंडचा खासदार. पेशानं गवंडी, विटा रचणारा. गवंड्यांच्या कामगार संघटनेचा पुढारी म्हणून वर आला, १९४० मध्ये निवडून आला, आणि आरोग्याच्या बजेटची उपसमिती त्याच्या हातात आली. शिक्षणानं डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. पण एनआयएचला पैसा मिळवून देणाऱ्या मोजक्या राजकारण्यांत त्याचं नाव अगदी वरचं. जानेवारी १९६७ मध्ये, नव्या संसदेच्या पहिल्याच दिवशी, तो आपल्या कार्यालयात हृदयविकारानं गेला. आंतरराष्ट्रीय आरोग्य संशोधनाचं मोठं केंद्र असावं, ही त्याची मागणी होती. म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काढलेल्या केंद्राला त्याचं नाव मिळालं.

त्याआधी १९६० मध्ये अमेरिकेनं आंतरराष्ट्रीय आरोग्य संशोधनाचा कायदा केला होता. त्या सुमारास पाच अमेरिकन विद्यापीठांना परदेशात संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रं चालवायला एनआयएचचा पैसा मिळाला. एक लाहोरला, एक क्वालालंपूरला, एक कोलंबियातल्या कालीला, एक कोस्टा रिकात. पाचवं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं, कोलकात्याला.

कोलकात्याचा डॉक्टर

दिलीप महालनबीस यांचा जन्म १९३४ चा, आताच्या बांग्लादेशातल्या किशोरगंजचा. कोलकात्यात शिकले, इंग्लंडमध्ये बालरोगात काम केलं, आणि परत येऊन हॉपकिन्सच्या या केंद्रात लागले. तिथे नॅथॅनियल पिअर्स आणि इतरांसोबत तोंडानं द्यायच्या द्रावणावर काम चाललं होतं. म्हणजे ढाका आणि कोलकाता, एकाच प्रश्नावर, जवळपास एकाच वेळी.

१९७१. बांग्लादेशचं युद्ध. लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये. छावण्यांत कॉलरा शिरला. बनगावच्या छोट्या रुग्णालयात खाटा संपल्या, माणसं जमिनीवर, उलटी आणि जुलाबात पडलेली. सलाईन संपत आलेलं.

महालनबीस यांनी तेव्हा जो निर्णय घेतला तो कुठल्याही संशोधन नियमावलीत बसणारा नव्हता. तोवर हे द्रावण प्रशिक्षित लोकांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून दिलं जात होतं. त्यांनी ते नातेवाइकांच्या हातात दिलं. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्याच्या केंद्रातल्या वाचनालयाच्या खोलीत पुड्या बांधल्या, प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीनं चिकटवल्या. लिटरमागे सामानाचा खर्च ११ पैसे. पिंपात द्रावण, पिंपाला तोटी, आणि आई, भाऊ, शेजारी, कोणीही मग भरून पाजायचं.

छावण्यांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात सांगितलं जात होतं. त्यांच्या देखरेखीखालच्या सुमारे ३,७०० रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आलं.

आता बादली कुठे गेली? ती आईच्या नजरेत गेली. रुग्णाला तहान आहे तोवर पाजत राहा. शरीरच माप सांगतं. ढाक्यानं सिद्ध केलं की पद्धत चालते. बनगावनं सिद्ध केलं की ती डॉक्टरशिवाय चालते. माझ्या मते दुसरं पहिल्याइतकंच मोठं आहे.

हा निबंध सहज छापला गेला नाही. नकार पचवून तो १९७३ मध्ये हॉपकिन्सच्या स्वतःच्या नियतकालिकात आला. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ बनगावला येऊन प्रत्यक्ष बघून गेले होते, त्यांनी ही गोष्ट पुढे रेटली.

आता खटकणारी गोष्ट

१९५३. हेमेंद्रनाथ चॅटर्जी नावाच्या कोलकात्याच्या डॉक्टरांनी 'द लॅन्सेट'मध्येच लिहिलं होतं की त्यांनी १८६ कॉलरा रुग्णांना तोंडानं साखर-मिठाचं पाणी आणि सोबत वनस्पतीचा रस देऊन बरं केलं. १५ वर्षं आधी! कोणी दखल घेतली नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, कुठला रुग्ण किती गंभीर होता याची नीट मोजणी नव्हती, आणि का चालतं हे सांगणारं क्रेन यांचं दार अजून सापडलं नव्हतं. शास्त्राच्या नियमांनी बघितलं तर दुर्लक्षाला कारण आहे.

पण दुसऱ्या नियमानं बघा. चॅटर्जींकडे रुग्ण होते, कल्पना होती, धाडस होतं. नव्हतं काय? मोजणाऱ्या खाटा, प्रयोगशाळा, प्रयोगाची आखणी तपासणारा वरिष्ठ, आणि निबंधाला वजन देणारं संस्थेचं नाव. थोडक्यात, नॅलिन आणि कॅश यांना २६ व्या वर्षी जे आपोआप मिळालं ते. हुशारी दोन्हीकडे होती. फेलोशिप एकीकडेच होती.

आणि ती पाच नावं आठवतात? नॅलिन आणि कॅश जगभर माहीत झाले, आणि तो मान त्यांनी कमावलाय. रफीकुल इस्लाम यांचं नाव बांग्लादेशात ओरल सलाईनच्या संदर्भात आदरानं निघतं, बाहेर फारसं नाही. महालनबीस यांना २००२ चा पोलिन पुरस्कार नॅलिन, हर्शहॉर्न आणि पिअर्स यांच्यासोबत मिळाला. आपल्या सरकारनं पद्मविभूषण दिलं २०२३ मध्ये. ते ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले होते.

मनिलाच्या त्या पाच जणांची नावं तर या गोष्टीत कुठेच येत नाहीत. परदेशी डॉक्टरांच्या शिकण्याची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न विचारताना त्यांच्यापासून सुरुवात करायला हवी.

नाव आलं, जोडी आली

या प्रश्नावर व्यवस्थेनं काहीच केलं नाही असं नाही. १९८८ मध्ये फोगार्टी सेंटरनं एड्ससाठी प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला, आणि त्याचा रोख गरीब देशांतल्या संशोधकांना तयार करण्यावर होता. २००३-०४ च्या सुमारास तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी वर्षभराची संशोधन शिष्यवृत्ती आली. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे जोडी. अमेरिकन विद्यार्थी ज्या केंद्रात जाईल, तिथल्याच एका तरुण संशोधकाला त्याच्यासोबत तीच शिष्यवृत्ती. २०१२ पासून हा कार्यक्रम विद्यापीठांच्या पाच गटांकडे गेला. साचा असा की बारा महिने प्रत्यक्ष तिथे राहायचं, आणि मेंटॉर दोन्हीकडचे, एक अमेरिकेतला, एक त्या देशातला.

महाराष्ट्राचा धागा इथे जुळतो. कोलकात्यात होतं तेच जॉन्स हॉपकिन्स पुढे पुण्यात आलं, बी. जे. मेडिकल कॉलेज आणि ससून रुग्णालयासोबत. आईकडून बाळाला दुधातून होणारी एचआयव्हीची लागण टाळायला नेव्हिरापिन सहा आठवडे द्यावं का, हे तपासणारा अभ्यास इथिओपिया, युगांडा आणि भारतात झाला. त्यातलं भारत म्हणजे पुणे. निकाल २००८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. ससूनचे डॉक्टर त्यात नुसते रुग्ण पुरवणारे नव्हते, निबंधाचे भागीदार होते. ढाक्यापासून इथपर्यंत हा फरक पडलाय.

मग चांगली फेलोशिप कशानं होते?

या सगळ्यातून मला चार गोष्टी दिसतात.

एक, मोजमाप. बादली नसती तर चितगावचं अपयश नुसतं अपयश राहिलं असतं.

दोन, 'नाही' म्हणू शकणारा मेंटॉर. फिलिप्स यांच्या भीतीमुळे पोरांना प्रयोग जास्त काटेकोर करावा लागला. नुसता पाठ थोपटणारा गाईड काही कामाचा नाही.

तीन, रुग्णाच्या जवळ असणं. हा प्रश्न बेथेस्डात बसून सुटत नव्हता.

आणि चार, जी आपण विसरतो: मागे राहणारा माणूस. पाहुणा दोन वर्षांनी जातो. महालनबीस राहिले. ढाक्याची प्रयोगशाळा राहिली आणि १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्था झाली. १९८० ते १९९० मध्ये ब्रॅक या संस्थेच्या बायका बांग्लादेशात घरोघरी गेल्या आणि एक कोटीहून जास्त आयांना शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. त्यांचा पगार आयांना नंतर किती आठवतं यावर ठरायचा! किती घरं फिरलो यावर नाही. इतकं प्रामाणिक माप मी फार कमी ठिकाणी पाहिलंय, आमच्या क्षेत्रात तर नाहीच. कॅश या कामाशी जोडलेले राहिले, आयुष्यभर परत परत जात राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले.

हे आज सांगायचं कारण आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या बजेट प्रस्तावात फोगार्टी सेंटर बंद करायचं सुचवलं होतं. तिथल्या संसदेनं ते मानलं नाही. २०२५ मध्ये तोच प्रस्ताव परत आला, आणि त्याच वर्षी एनआयएचनं परदेशी संस्थांना उप-अनुदान द्यायची जुनी पद्धत थांबवली. यावर 'परदेशी पैसा, गेला तर गेला' असं म्हणता येईल. पण खरा प्रश्न आपल्यालाच आहे. पुढचा हेमेंद्रनाथ चॅटर्जी कदाचित आत्ता नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात ड्युटी करतोय. त्याच्याकडे रुग्ण आहेत, कल्पनाही असेल. त्याला मोजायला शिकवणारा, वर्षभर पगार देणारा आणि वेळेला 'थांब, हे परत तपास' म्हणणारा माणूस कोण देणार? ते वॉशिंग्टनवर सोडायचं का?

तर मंडळी, एवढंच. तुमच्या ओळखीत नवीन डॉक्टर झालेलं कोणी असेल तर हा भाग नक्की पाठवा. आणि घरात जलसंजीवनीची दोन पाकिटं असू द्या. एक लिटरला एक पाकीट, अंदाजानं नाही, मोजून. भेटू पुढच्या भागात.